पाण्यात उलटा उडणारा पतंग

माझा एक भाचा मुळशी धरणाच्या अलीकडे, माले गावाजवळ राहतो. पावसाळा ओसरला की पाण्याच्या कडेला गळ टाकून बसायचे, हा त्याचा शाळेपासूनचा छंद. गेली दोन-तीन वर्षे त्याला समुद्राचे वेड लागले आहे. चारचौघे मिळून ताम्हिणी घाट उतरतात, कोलाड-रोह्यावरून रेवदंडा गाठतात आणि ओळखीच्या बोटीने पहाटे बाहेर पडतात. मी त्याला गमतीने म्हणतो, की तू पाण्याच्या मागेमागेच चालला आहेस. मुळशीत अडवलेले मुळेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून भिऱ्याच्या वीजघरात उतरते, तिथून कुंडलिकेत मिसळते आणि कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला मिळते. ज्या पाण्यासाठी १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, ते पाणी शंभर वर्षे असे उलट्या दिशेने चालले आहे.

गेल्या डिसेंबरात हा भाचा घरी आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला जाड बँडेज होते. डाव्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत स्टीलचा एक पत्रा. तळहाताहून थोडा मोठा, पुढच्या टोकाला शिशाचा गोळा, वरून एक जाड वाकवलेली तार आणि तिच्यावर सरकणारी कडी.

‘‘मामा, याला प्लेनर म्हणतात. याचं वजन केलं मी. अर्धा किलोच्या आसपास भरलं. मग पाण्यात सात-आठ किलोची पिशवी धरल्यासारखं का वाटत होतं? मला ओढवेना म्हणून मी दोरी हाताला गुंडाळली.’’

त्या शेवटच्या वाक्यात त्याच्या बँडेजचे कारण होते. आधीच्या प्रश्नात मात्र सबंध भौतिकशास्त्र होते, आणि तो प्रश्न त्याने बोटीवर चढण्याआधी विचारला असता तर हात वाचला असता. समुद्रावर हौशी मासेमारीला जाणारी शहरांतली आणि घाटावरची मंडळी आता वाढली आहेत. साधने घरबसल्या मागवता येतात. ती पाण्यात काय करतात हे सांगणारे कुणी सोबत येत नाही. म्हणून आजचा लेख या पत्र्यावर.

शिसे का हरते?

आधी एक शब्द. चालत्या बोटीमागे गळ ओढत नेण्याला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. चालत्या बोटीमागे जाळे ओढणे ते ‘ट्रॉलिंग’. उच्चारात एका मात्रेचा फरक, पण एकात एका वेळी एक मासा येतो आणि दुसऱ्यात तळावरचे सगळे. (समाजमाध्यमांवरचे ट्रोल वेगळे, पण आमिष दाखवून कुणी गळाला लागते का ते पाहायचे, ही त्यांची तऱ्हा पहिल्या प्रकाराला जवळची आहे.)

मुळशीच्या काठावर गळ खोल न्यायला काही अक्कल लागत नाही. दोरीला शिशाची गोळी बांधली की ती सरळ तळाशी जाते, कारण पाणी स्थिर आहे आणि आपणही स्थिर आहोत. समुद्रात सुरमई किंवा कुपा यांच्यामागे जायचे तर बोट चालती ठेवावी लागते. हे मासे सतत पोहणारे. सुरमईच्या पोटात इतर बऱ्याच माशांसारखी हवेची पिशवीच नसते. थांबली तर ती बुडू लागेल. तिला पळणारे भक्ष्य ओळखीचे असते, म्हणून आमिषही पळते हवे. बोटीचा वेग सहा नॉट, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर धरू. सायकलचा वेग. हवेत तो काहीच वाटत नाही, पण पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक घन आहे.

या वेगाला पाव किलोची शिशाची गोळी ओढून पाहा. पाण्यात तिचे वजन थोडे घटून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास राहते. तेवढाच तिचा खाली जाण्याचा जोर. आणि समोरून येणारे पाणी तिला मागे रेटते तो जोरही हिशेबाने जवळपास तेवढाच येतो. म्हणजे नुसती गोळी असती तरी दोरी निम्मी आडवी झाली असती. त्यात दोरी स्वतः पाण्याला अडते, आमिष अडते, आणि सगळे प्रकरण वर येऊन पृष्ठभागाखाली हात-दोन हातांवर तरंगत राहते. वेग दुप्पट केला तर पाण्याचा रेटा चौपट होतो. गोळीचे वजन मात्र होते तेवढेच. जितके जोरात जावे तितके शिसे हरते.

जास्त शिसे लावावे, हा एक उपाय आहे. काही देशांत पाच-सहा किलोचे गोळे पोलादी तारेने सोडतात, त्यासाठी बोटीवर वेगळी चरखी बसवतात. दुसरा उपाय म्हणजे हा पत्रा.

संक्रांतीला पतंग उडवलेल्या कुणालाही पत्रा समजावून सांगावा लागत नाही. पतंग म्हणजे कागद. त्याला वर जायला पंख नाहीत, इंजिन नाही. वारा त्याला मागे ढकलत असतो आणि दोरा धरून ठेवत असतो. पोटाशी बांधलेल्या कण्णीमुळे कागद वाऱ्याला तिरका राहतो, वारा त्यावर आपटून खाली वळतो आणि कागदाला वर ढकलतो. कण्णीची गाठ बोटभर इकडेतिकडे झाली की पतंग गिरक्या खातो किंवा उठतच नाही. प्लेनर हा पाण्यातला पतंग आहे, फक्त उलटा बांधलेला. त्याचे नाक खाली झुकलेले. येणारे पाणी त्याच्या पाठीवर आपटून वर वळते आणि पत्र्याला खाली दाबते. नाकाशी असलेले शिसे त्याला बुडवण्यासाठी नसतेच मुळी. पाण्यात पडल्यावर पत्रा सुलट राहावा आणि नाक आधी खाली जावे, एवढेच त्याचे काम. पुढचे ओझे पाणी उचलते.

किती ओझे? दहा बाय वीस सेंटिमीटरचा पत्रा, सहा नॉटचा वेग आणि बऱ्यापैकी तिरकेपणा धरून साधा हिशेब केला, तर खाली दाबणारा जोर सुमारे सात किलो वजनाएवढा येतो. भाच्याच्या हाताने केलेले माप बरोबर होते. अर्धा किलोचा पत्रा सात किलोचे काम करतो. तेवढे काम शिशाकडून करून घ्यायचे तर साडेसात किलोंच्या वर शिसे लागेल.

आणि यातली खरी हुशारी वेगळीच आहे. बोटीचा वेग वाढला की दोरीवरचा, आमिषावरचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, हे आपण पाहिले. पत्र्याला खाली दाबणारा जोरही वेगाच्या वर्गानेच वाढतो. दोन्ही एकाच मापाने वाढतात. म्हणून दोरीचा कोन फारसा बदलत नाही आणि बोट थोडी हळू चालो की जोरात, पत्रा साधारण त्याच खोलीवर राहतो. शिसे वेगाशी भांडते. पत्रा वेगावरच जगतो.

याची किंमत बोटीवरच्या हाताला मोजावी लागते. खोली बदलत नाही, पण ओढ बदलते. सहा नॉटला सात किलो दाब असेल तर बारा नॉटला अठ्ठावीस. उलट बाजूने पाहा: वेग निम्मा केला की ओढ पाव राहते. हे शेवटचे वाक्य भाच्याला मी दोनदा म्हणायला लावले.

तीस मीटर दोरी, तीस मीटर खोल नव्हे

नवशिक्यांचा एक ठाम गैरसमज असतो की दोरी जास्त सोडली की गळ तेवढाच खोल जातो. दोरीचा जाडपणा आपल्याला नगण्य वाटतो. पण ०.७ मिलिमीटर जाडीची ३० मीटर दोरी घेतली, तर समोरून दिसणारा तिचा पृष्ठभाग २१० चौरस सेंटिमीटर भरतो. आपला पत्रा २०० चौरस सेंटिमीटरचा! दोरी तिरकी असल्याने ती पाण्याला पूर्ण तोंड देत नाही हे खरे, तरीही एक अदृश्य पत्रा वर ओढतो आहे आणि एक खरा पत्रा खाली, अशी ती रस्सीखेच असते. दोरीला मधोमध पोट सुटते. जितकी जास्त सोडावी तितका अदृश्य पत्रा मोठा होतो, आणि एका मर्यादेनंतर सोडलेली दोरी फक्त मागे जाते, खाली जात नाही. सोडलेल्या दोरीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी खोली मिळाली तरी पुष्कळ. म्हणूनच बारीक पण बळकट विणलेला धागा किंवा पोलादी तार वापरली की तोच पत्रा आणखी खाली उतरतो. जाड नायलॉन वापरून मोठा पत्रा लावण्यापेक्षा हे स्वस्तात पडते.

खाली जायचे तरी कशासाठी? पहाटे आणि संध्याकाळी सुरमई वर येते, बांगड्याच्या आणि तारल्यांच्या थव्यांवर तुटून पडते. ऊन चढले की थवे खाली सरकतात आणि त्यांच्यामागे ती. आठ-दहा मीटर खाली उतरलेले आमिष या दुपारच्या माशाच्या नजरेसमोर जाते. (तिथे लाल रंगाचे आमिष घेऊन जाण्यात मात्र अर्थ नाही. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते. दुकानात लालभडक दिसलेला चमचा त्या खोलीवर काळपट करडा होतो. चकाकी टिकते, रंग टिकत नाही.)

मग आणखी खोल, आणखी मोठा पत्रा, असे का नाही? आपल्या अरबी समुद्राची एक खासियत आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या प्राणवायू-टंचाईच्या पट्ट्यांपैकी एक या समुद्राच्या पोटात आहे. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे, की पावसाळ्यात आणि त्यानंतर, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, हे प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याजवळच्या उथळ भागातही खालच्या थरात पसरते. सतत पोहणाऱ्या कुप्यासारख्या माशाला प्राणवायू भरपूर लागतो. तो अशा थरात फार वेळ थांबणार नाही. हंगामाच्या सुरुवातीला फार खोल गळ नेणारा माणूस रिकाम्या खोलीत घंटा वाजवत बसतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था उपग्रहाने मोजलेले पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य पाहून मासे कुठे सापडण्याचा संभव आहे याचे सल्ले देते, तेही मराठीसह स्थानिक भाषांतून. पण उपग्रह वरचेच पाहतो. किती खाली, हा निर्णय बोटीवरच्या माणसाचा.

कडी सरकली नाही तर

आता बांधणीकडे. कारण अपघात तिथे झाला.

साधी बांधणी अशी: रॉडवरच्या रीळातून येणारी मुख्य दोरी, तिच्या टोकाला गोल फिरणारी कडी (स्विव्हल), ती प्लेनरच्या तारेवरच्या सरकत्या कडीला. प्लेनरच्या शेपटीला दुसरे स्विव्हल, त्याला ‘लीडर’ म्हणून जाड नायलॉनची दोरी, आणि तिच्या टोकाला चमचा किंवा खोटा मासा. स्विव्हल चांगल्या प्रतीचे, मण्यांवर फिरणारे हवे. चमचा पाण्यात गरगरतो, आणि फिरणे तिथेच थांबले नाही तर अर्ध्या तासात सगळी दोरी पीळ खाऊन दळभद्री होते.

सरकती कडी हा या यंत्राचा प्राण. पत्रा पाण्यात सोडताना ती तारेच्या मागच्या बाजूला अडकवलेली असते. तेव्हा पत्रा नाक खाली करून बुडतो. मासा लागला की तो शेपटीला हिसका देतो, पत्रा हलतो आणि कडी तारेवरून घसरत नाकाशी जाते. क्षणात पत्र्याचा तिरकेपणा संपतो. आता तो नाकाने ओढला जातो, पाण्याला आडवा होतो आणि सात किलोची ओढ नाहीशी होऊन वर येऊ लागतो. पतंगाची कण्णी हवेतल्या हवेत बदलता आली असती तर जे झाले असते, ते हे.

पण कडी सरकलीच नाही तर? मासा लहान असेल, तर त्याच्या हिसक्यात दम नसतो. वितभर बांगडा गळाला लागून तासभर ओढला जातो आणि वर कुणाला पत्ता नसतो. याच्या उलट, आमिष पत्र्याच्या मानाने फार मोठे असेल, किंवा त्याला प्लॅस्टिकची पिशवी अडकली (हे आपल्या किनाऱ्यावर फार होते), तर मासा नसतानाच कडी सुटते. पत्रा आणि आमिष यांची जोडी जमवणे हा अनुभवाचा भाग आहे. पत्र्यांना कंपन्या जे क्रमांक देतात ते एकमेकांशी जुळतीलच असे नाही, म्हणून क्रमांकापेक्षा लांबी-रुंदी पाहावी.

आणि मग लीडर. तो लांब ठेवण्याचा मोह असतो, कारण पत्र्याची चकाकी आणि खळखळ यांपासून आमिष दूर राहते. पण पत्रा रॉडच्या टोकाच्या कडीतून आत येऊ शकत नाही. रीळ फिरवून पत्रा रॉडच्या टोकाशी आला की पुढचे काम थांबते. उरलेला लीडर, त्याच्या टोकाला जिवंत, धडपडणारा मासा असताना, हाताने ओढावा लागतो. लीडर सहा मीटरचा असेल तर सहा मीटर, पंधरा मीटरचा असेल तर पंधरा.

भाच्याच्या बोटीवर लीडर पंधरा मीटरचा होता. त्यात त्या वेळी कडी सरकली नव्हती, आणि बोट हळू करायला कुणी तांडेलाला सांगितले नाही. रॉडवर ओढ फार वाटली म्हणून त्यांनी दोरीच हातात घेतली. सात किलो ओढ सतत, वर लाटेबरोबर बोट उचलली जाईल तसतसे हिसके. हात घसरू लागला म्हणून त्याने लीडर तळहाताभोवती दोन वेळा गुंडाळला. तेवढ्यात मासा वळला. एक मिलिमीटरची दोरी म्हणजे त्या क्षणी सुरीच. तळहात आडवा कापला गेला. सुदैवाने बोटे वाकवणारे स्नायुबंध वाचले. अकरा टाके.

बोटीवरच्या माणसांनी हे टाळायला काय करावे, ते सगळे वरच्या हिशेबातच आहे. पत्रा ओढायच्या आधी बोट हळू करायची. निम्म्या वेगाला पाव ओढ. लीडर जेवढा कमी ठेवता येईल तेवढा कमी. दोरी तळहातावरून जाऊ द्यायची, हाताभोवती वेढा कधीही नाही. हातमोजे घातले तरी नाही, कारण हातमोजा कापण्यापासून वाचवतो, अडकण्यापासून नाही. ओढून घेतलेली दोरी पायाशी साठू द्यायची नाही, बाहेर पाण्यात टाकायची. अंगठ्या घरी. अंगठीत दोरी किंवा गळ अडकून बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघण्याचे प्रकार सर्जनना माहीत असतात. आणि सुरी हाताशी, डब्यात नव्हे.

दुसरीही एक बांधणी आहे, थोडी खटपटीची पण हाताला दयाळू. प्लेनर वेगळ्या जाड दोराने बोटीच्या खुंटाला बांधतात, मध्ये हिसके झेलायला रबराचा तुकडा. मासेमारीची दोरी या दोरावर चिमट्याने किंवा रबरबँडने अडकवून खाली सोडतात. मासा लागला की चिमटा सुटतो आणि रॉडवर फक्त मासा राहतो. पत्रा खाली एकटा ओढत बसतो. तो नंतर, बोट मंदावल्यावर, सावकाश वर घ्यायचा. इथे लीडर हाताने ओढण्याचा प्रसंगच येत नाही. नवख्यांनी मला विचारले तर मी हीच सांगेन.

इतके करूनही जखम झालीच, तर? स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरायचा. रक्त थांबले की प्यायच्या पाण्याने धुवायचे, समुद्राच्या नव्हे. प्रत्येक बोट एकेक करून वाकते आणि सरळ होते का, टोकाला स्पर्श कळतो का, हे पाहायचे. एखादे बोट वाकत नसेल किंवा बधिर असेल, तर स्नायुबंध किंवा मज्जातंतू कापला गेल्याची शक्यता धरून त्याच दिवशी हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जायचे. वरवर टाके घालून घरी यायचे नाही. बोटाचा तुकडा पडलाच तर तो ओलसर स्वच्छ कापडात, कापड पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. थेट बर्फावर ठेवलेला तुकडा गोठून निकामी होतो. गळ रुतला असेल तर त्याला उलटा काटा असतो हे विसरून मागे ओढायचे नाही, आणि डोळ्याजवळ रुतला असेल तर हातही लावायचा नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवून डॉक्टरांना सांगायचे.

डॉक्टरांना आणखी एक सांगायचे, जे घाटावर हमखास राहून जाते: जखम समुद्राच्या पाण्यात झाली आहे. खाऱ्या, कोमट पाण्यात व्हिब्रिओ गटाचे जीवाणू असतात. बहुतेकांना ते काही करत नाहीत. पण यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्या माणसात त्यांचा संसर्ग काही तासांत पसरू शकतो. लाली झपाट्याने वर चढते, वेदना जखमेच्या मानाने फार असतात, फोड येतात, ताप येतो. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते.

फळीचे थोरले भाऊ

बँडेज सुटल्यावर भाच्याने पुढचा प्रश्न विचारला. ‘‘मामा, हाच पत्रा उभा करून बांधला तर बाजूला पळेल ना?’’

पळेल. आणि तो तसा कधीचाच बांधला गेला आहे. ससून डॉकला किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात नांगरलेल्या ट्रॉलरच्या मागच्या बाजूला दोन जड फळ्या टांगलेल्या दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्या जाळ्याला जोडल्या जाऊ लागल्या. त्याआधी ओढजाळ्याचे तोंड उघडे ठेवायला लाकडाचा लांब आडवा वासा लागे. वाशापेक्षा रुंद जाळे करता येत नसे. दोन फळ्या तिरक्या बांधल्या की बोट चालू लागताच एक डावीकडे पळते, एक उजवीकडे, आणि जाळ्याचे तोंड आपोआप उघडते. वासा गेला, मर्यादाही गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने हीच युक्ती समुद्री सुरुंगांवर वापरली. जहाजाच्या बाजूला ओढले जाणारे ‘पॅराव्हेन’ सुरुंगाची नांगरतार बाजूला लोटत नेऊन कापत; सुरुंग वर आला की त्याला गोळी घालायची.

भारतात यांत्रिक ट्रॉलिंगला जोर आला तो १९५२ च्या करारातून सुरू झालेल्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पानंतर, केरळच्या किनाऱ्यावर. पुढे सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर फळ्या आल्या. फळी तळाला घासत जाते, चिखल उडवते, तिच्यामागचे जाळे कोळंबीबरोबर पिल्लेही उचलते. एकच तत्त्व, एका टोकाला एक गळ आणि दुसऱ्या टोकाला तळ खरवडणारे जाळे. मला विचाराल तर गळाच्या बाजूचा पत्रा अधिक सभ्य आहे. त्याला लागलेला लहान मासा निदान परत सोडता येतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तो काळ हौशी माणसांनीही पाळावा. त्या दिवसांत समुद्रही कुणाच्या छंदाची कदर करत नाही.

बर्फ

राहिली शेवटची गोष्ट, आणि आरोग्याच्या सदरात ती सर्वांत आधी यायला हवी होती. सुरमई, कुपा, बांगडा ही एकाच कुळातली मंडळी. त्यांच्या मांसात हिस्टिडिन हे द्रव्य भरपूर असते. मासा मेल्यावर उन्हात पडून राहिला तर जीवाणू त्याचे हिस्टामाइन करतात. आपल्या शरीरात ॲलर्जीच्या वेळी जे सुटते, तेच हे द्रव्य. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, छाती धडधडते. घरचे म्हणतात, ‘याला मासा बाधला’, आणि तो माणूस पुढे जन्मभर सुरमईला हात लावत नाही. वास्तविक दोष सुरमईचा नसतो, त्या दुपारचा असतो. गंमत अशी की हिस्टामाइन तळून जात नाही, उकळून जात नाही, आणि माशाच्या वासावरून ते कळतही नाही. एकदा तयार झाले की राहिलेच. बहुतेकांना ॲलर्जीवरच्या साध्या गोळीने आराम पडतो; श्वास लागला किंवा चक्कर आली तर मात्र थेट दवाखाना.

उपाय एकच, मासा बोटीत आल्या आल्या बर्फात. वर दोन खडे टाकून नव्हे. पोट साफ करून, बर्फाच्या चुऱ्यात सगळ्या बाजूंनी पुरून. रेवदंड्याहून ताम्हिणी चढून मुळशीत यायला तीन-चार तास लागतात, आणि त्याआधी मासा बोटीवर किती वेळ होता तो वेगळाच.

फेब्रुवारीत भाचा पुन्हा गेला. तोच पत्रा, पण या वेळी वेगळ्या दोराने खुंटाला बांधलेला, रबर आणि चिमटा लावून. दुपारी एक सुरमई लागली, साडेतीन किलोची. रात्री नऊला तो मालेहून पुढे माझ्याकडे पौडला आला, आणि डबा उघडून आधी बर्फ दाखवला, मग मासा.